जीपचा टब उलटा-सुलटा फिरवायला घरीच सांगाडा बनवायचाय, मदत हवी

सेलूकर (सेलू, जि. परभणी)

रामराम मंडळी.

आजोबांची जीप गेल्या महिन्यात गोठ्यातून बाहेर काढली. मिलिटरीच्या लिलावातली आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण विलीज की फोर्ड यावरून दोन्ही काकांचं कधीच जमलं नाही. पुढं वाकून बघितलं तर चॅसीचा समोरचा आडवा दांडा विलीजसारखा गोल नळीचा नाही, उलट्या पन्हळीसारखा आहे. चार-पाच बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी एफ अक्षरही निघालं. म्हणजे फोर्डची जीपीडब्ल्यू. दोन्ही कंपन्यांनी मिळून १९४१ ते १९४५ मध्ये सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या, त्यातली एक आमच्या गोठ्यात कडब्याखाली होती.

लिंबाच्या झाडाला चेन पुली बांधून सहा जणांनी टब, म्हणजे जीपची उघडी बॉडी, चॅसीवरून उचलला. वरून बरा दिसत होता. खालून बघितल्यावर मी मटकन खालीच बसलो. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी ज्या खळग्यात बसते त्या खळग्याचा तळच नाही. मागची डावी टूलबॉक्स जनावरांच्या मुतानं खाल्लीय. फरशीखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांमध्ये कंपनीनं लाकूड भरलेलं होतं, त्याची तपकीर झालीय. इंजिन परभणीला मिस्त्रीकडं दिलंय, त्याची काळजी नाही. काळजी टबची आहे.

बाबा म्हणतात, हरयाणातल्या मंडी डबवालीहून नवी बॉडी आणून बसव आणि मोकळा हो. मला आजोबांचा पत्रा वाचवायचाय. जिथं सडलंय तेवढंच कापायचं, बाकी राहू द्यायचं.

बाहेरच्या देशातले लोक यासाठी रोटिसरी वापरतात. पुढं एक खांब, मागं एक खांब, मधे बॉडी, आणि शेगडीवर कणीस फिरवावं तशी बॉडी हवी तिकडं फिरवायची. माझ्याकडं १४ बाय २० चं पत्र्याचं शेड आहे, खाली काळी माती आणि वर मुरूम. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल आहे. सांगाडा कशाचा करू? आस जमिनीपासून किती उंच आणि टबच्या नेमका कुठून जावा? आणि पुढच्या बाजूला तर नुसता पातळ पत्रा आहे, तिथं पकडायचं कशाला? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर लिहा, मी वाट बघतोय.

जोंगावाला (छत्रपती संभाजीनगर)

भाऊ, आधी अभिनंदन. माझ्याकडं जोंगा आहे, जबलपूरच्या कारखान्यातली लष्करी गाडी. तिचं नावच जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्लीच्या आद्याक्षरांवरून पडलंय. तुमच्या जीपपेक्षा अंगानं मोठी आणि जड.

मी रोटिसरीच्या भानगडीत पडलो नाही. ट्रकचे जुने टायर जमिनीवर पसरले, वर गोणपाट टाकलं आणि चार माणसं लावून बॉडी कुशीवर केली. एका बाजूचं काम झालं की दुसऱ्या कुशीवर. एकाच गाडीसाठी इतकं लोखंड आणि इतके दिवस घालवायचे का, याचा विचार करा. सांगाडा नंतर शेडमध्ये जागा अडवून बसतो.

रहाटवाला (नळदुर्ग, जि. धाराशिव)

सेलूकर, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायलोय. माझं नळदुर्गला हायवेवर वेल्डिंगचं दुकान आहे, बत्तीस वर्षं झाली. धंदा उसाच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचा. जीपा जिवापाड आवडतात म्हणून करतो. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला, १३ सप्टेंबर १९४८ ला, सोलापूरकडून फौज आली ती आमच्याच गावावरून, बोरी नदीच्या पुलावरून. वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांच्या ध्यानात रणगाडे राहिले नाहीत, उघडी जीप राहिली. म्हातारपणी डोळे गेले तरी दुकानात जीप आली की हात फिरवून बघायचे.

तीन टब माझ्या सांगाड्यावर फिरलेत. पोरं त्याला रहाट म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

खांबासाठी बेअरिंग विकत घेऊ नका. टायरगाडीचा जुना आस भंगारात बघा. परभणी जिल्ह्यात तो मिळणार नाही असं होणार नाही. तो मधोमध कापायचा. दोन अर्धे आस, दोन हब (चाक ज्याच्यावर बसतं तो फिरता भाग), आणि हबमध्ये टेपर बेअरिंग आयतीच. ज्या आसावर दीड-दोन टन ऊस जातो त्याला तुमचा दोनशे किलोचा टब म्हणजे काहीच नाही. मात्र आस खांबाला वेल्ड करू नका. ते पोलाद साध्या अँगलसारखं नसतं, थंडं वेल्ड केलं की कडेनं केसासारखी चीर जाते आणि ती दिसत नाही. गाडीला तो जसा यू-बोल्टनं आवळलेला असतो तसाच खांबावर चॅनेलचा तुकडा लावून आवळा. फायदा असा की यू-बोल्ट ढिले करून आस वर-खाली सरकवता येतो. हबच्या स्टडवर चाकाच्या जागी १० मिलीमीटरची गोल प्लेट बसवा. प्लेटला मध्यापासून १५० मिलीमीटरवर चोवीस भोकं पाडा, म्हणजे दर पंधरा अंशाला एक. खांबातून १६ मिलीमीटरची पिन त्यात घाला. ही पिन अडकवल्याशिवाय टबखाली कुणाचाही हात जाता कामा नये. दुकानात हा नियम मी मुलालाही मोडू देत नाही.

आता आस कुठून जावा. इथंच लोक चुकतात. टबची उंची मोजतात आणि मधोमध आस धरतात. जीपच्या टबचा भार मधोमध नसतोच. फरशी, तिच्याखालच्या पट्ट्या, टूलबॉक्स, सगळं वजन तळाला आहे आणि वरच्या बाजू मोकळ्या. म्हणून भाराचा मध्य फरशीच्या बराच जवळ असतो. आस त्याच्यापासून दहा सेंटीमीटर जरी हुकला तरी काय होतं बघा. टब आडवा झाला की दोनशे किलो दहा सेंटीमीटरवर लटकतात. दोन फुटी दांडा हातात असेल तर त्याच्या टोकाला तेहेतीस-चौतीस किलोचा झटका बसतो. पिन काढताना दांडा हातातून सुटला तर मनगट जातं. हेच अंतर दोन सेंटीमीटरवर आणलं की सात किलोही लागत नाहीत, एका हातानं टब फिरतो.

ते अंतर कागदावर काढत बसू नका. टब चढवल्यावर दोन माणसं धरून पिन काढायची आणि थोडासा कलंडवून हलका सोडायचा. झोक्यासारखा परत जागेवर आला तर भार आसाच्या खाली आहे, टब वर सरकवा. उलटा व्हायला धावला तर भार वर आहे, टब खाली घ्या. टब आणि प्लेट यांच्यामधल्या पट्टीला उभी लांब खाच ठेवली असेल तर हे काम अर्ध्या तासात होतं. शेवटी भार आसाच्या बोटभर खाली राहू द्या. तो आपोआप सुलटा व्हायला बघतो, आणि त्याचा अंदाज हाताला येतो. फरशी कापली किंवा नवी घातली की हा हिशेब परत करायचा, कारण वजन बदललेलं असतं.

आसाची उंची तुमच्याच टबवरून ठरवा. आसापासून टबचा सगळ्यात लांबचा कोपरा किती ते फूटपट्टीनं बघा. रुंदीचा अर्धा साधारण ७५ सेंटीमीटर आणि वरची कड ४५ वर धरली, तर कोपरा ८७-८८ वर येतो. मी आस १०५ वर ठेवतो. पाय लागायला, ग्राइंडरची वायर जायला तेवढी जागा लागते.

पुढं पकडायचं कशाला, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. पत्र्याला पकडायचंच नाही. टब चॅसीवर ज्या भोकांतून बोल्टनं बसतो ती भोकं वापरा. खालून दोन लांब चौरस पाईप न्या, भोकाच्या जागी दोन-दोन इंचांचे नळीचे तुकडे मधे घालून बोल्ट करा, आणि या दोन पाईपांच्या टोकांना पुढं-मागं आडवी पट्टी लावून ती हबच्या प्लेटला जोडा. टब पाईपांपासून दोन इंच उचललेला राहतो, त्यामुळं मधून ब्रश आणि गन दोन्ही जातात. ज्या भोकांभोवतीचा पत्रा सडलाय तिथं आधी चांगला तुकडा लावून घ्या.

तुमची काळी माती. याचं मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं, कारण माझं पहिलं शेडही तसंच होतं. उन्हाळ्यात भेग पडते, पावसाळ्यात तीच जमीन फुगून वर येते, वरचा मुरूम काही वाचवत नाही. दोन खांब वेगवेगळे उभे केले तर मृग लागल्यावर एक इकडं आणि एक तिकडं झुकतो, दोन्ही आस एका रेषेत राहत नाहीत, आणि रहाट अडकतो. पोरं मग जोर लावतात आणि तो जोर टबवर जातो. म्हणून दोन्ही खांब खालून एकाच जाड चौरस पाईपनं बांधा. लांबी कमी-जास्त करायची असेल तर त्यात बसणारा दुसरा पाईप घालून बोल्टनं आवळा. मग जमीन हलली तरी अख्खा रहाट एकदमच हलतो. आसांची रेषा बघायला गवंड्याची पाण्याची नळी आणि लाइनदोरी पुरे.

आता माझी चूक सांगतो, ती तुमच्या हातून होऊ नये.

दुसरा टब आला तेव्हा मला वाटलं, रहाट आहेच, सगळं त्याच्यावरच करू. टब चढवला, दोन्ही बाजूंची फरशी कापली, पट्ट्या काढल्या, नवीन घातल्या, वेल्ड केलं. दिसायला सुंदर झालं. चॅसीवर ठेवायला गेलो तर मागचं उजवं भोक १४ मिलीमीटर बाहेर. दोन रात्री झोप नाही. मालकाला बोलावून खरं ते सांगितलं आणि पुन्हा कापलं.

ते का झालं, हे मला नंतर उमगलं. या जीपला दार नाही, छप्पर नाही. जिथून माणूस चढतो तिथं बाजूचा पत्रा पार खालपर्यंत कापलेला आहे. म्हणजे टबचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवते ती फक्त फरशी. ती काढली की टब आपल्याच वजनानं मधे वाकतो, आणि तुम्ही त्या वाकड्या आकारालाच नवी फरशी पक्की करता. रहाट टब फिरवतो, आकार धरत नाही. आकार चॅसी धरते.

म्हणून मी आता टब परत चॅसीवर बसवूनच सुरुवात करतो, सगळे बोल्ट लावून. चढायच्या दोन्ही जागांवर एक इंची चौरस पाईप आडवा आणि एक तिरपा टाकतो. टबचे दोन्ही कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंतची मापं, मोजून पत्र्यावर खडूनं लिहून ठेवतो. मग एका वेळी एकच बाजू कापायची, नवा तुकडा चॅसीवरच टाके (वेल्डचे सुटे ठिपके) मारून बसवायचा, कर्ण परत मोजायचे. दोन्ही बाजू टाक्यांवर उभ्या राहिल्या की मगच टब उचलून रहाटावर. पूर्ण वेल्डिंग, घासणं, प्रायमर, सांध्यांचं सीलर हे सगळं रहाटावर, कारण तिथं प्रत्येक सांधा आपल्या समोर आडवा आणता येतो. डोक्यावर हात करून वेल्ड केलेलं आणि समोर टेबलावर केल्यासारखं वेल्ड केलेलं, यातला फरक दहा वर्षांनी गंज सांगतो.

पत्रा सव्वा मिलीमीटरच्या आसपास आहे. तुमच्या इन्व्हर्टर मशीननं रहाट बांधा, टबला ते लावू नका, भोकं पडतील. मिग मशीन, म्हणजे बारीक तार आपोआप सोडणारं वेल्डिंग मशीन, भाड्यानं आणा, ०.८ मिलीमीटरची तार. एक टाका इथं, पुढचा पलीकडच्या टोकाला. हात लावून बघा, गरम असेल तर थांबा.

जोंगावाले दादांचं म्हणणं खोटं नाही. नुसता खालून रंग मारायचा असेल तर टायर बास झाले. पण सेलूकरांच्या टबची फरशीच गेलीय. तो कुशीवर टाकला तर सगळा भार बाजूच्या पत्र्याच्या कडेवर येतो, आणि आतून धरायला काही नाही.

निवृत्त हवालदार, ईएमई (उदगीर, जि. लातूर)

जय हिंद. रहाटवाल्या भाऊंनी लिहिलेलं दोनदा वाचलं. ईएमई म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा, तिच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, त्यावरून दोन-तीन गोष्टी जोडतो.

पत्रा साफ करायला हवेच्या दाबानं नदीची वाळू मारू नका (याला ब्लास्टिंग म्हणतात), कुणी कितीही स्वस्तात करून देत असला तरी. त्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसते आणि निघत नाही. कॉपर स्लॅग किंवा गार्नेटची बारीक खडी वापरा, आणि तेही फरशी, पट्ट्या, कोपरे एवढ्यालाच. बाजूच्या सपाट पत्र्यावर आणि बॉनेटवर मारलंत तर पत्रा लाटेसारखा होतो, तो परत सरळ होत नाही. तिथं पेंट रिमूव्हर लावून हातानं काढा. जुन्या रंगात शिसं असतं, तेव्हा कोरडं घासताना चांगला मास्क हवाच. नुसता गमछा बांधून चालत नाही.

ब्लास्टिंगनंतर रहाटाचा खरा उपयोग होतो. पट्ट्यांच्या पोटात किलोनं खडी साठते. टब तीस-तीस अंशांनी फिरवायचा, प्रत्येक ठिकाणी लाकडी हातोड्यानं ठोकायचं आणि हवा मारायची. खडी आत राहिली की ती ओल धरून ठेवते, मग वरचा रंग कितीही भारी असला तरी उपयोग नाही. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. आपल्याकडं रेडऑक्साइड मारून मोकळं व्हायची सवय आहे, ते एकटं पाणी अडवत नाही. सीलर प्रायमरवर लावायचं, उघड्या पत्र्यावर नाही. काम उन्हाळ्यात उरका, फक्त रंगाच्या आदल्या दिवशी शेडमध्ये पाणी शिंपडा, फुफाटा बसेल.

रंगाचं मात्र आधीच सांगतो, म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांपुरताच आहे. आयुष्यभर त्या रंगाच्या गाड्या दुरुस्त केल्या, त्यामुळं तो अंगणातल्या जीपवर बघावा असं मलाही वाटतं. पण रस्त्यावर आणायची असेल तर रंग ठरवायच्या आधी आरटीओत जाऊन या.

आणि पत्रा वाचवायचा तुमचा हट्ट सोडू नका. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, मुदत दहा वर्षांची. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालवता येत नाही, हेही लक्षात घ्या. वडिलांना हे दाखवा. प्रत्येक कापलेल्या तुकड्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो तारखेसह ठेवा.

सेलूकर

रहाटवाले काका, हवालदार साहेब, जोंगावाले दादा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, आज सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो.

आस मानवतच्या भंगारात मिळाला, यू-बोल्टसकट. रहाट उभा आहे, खालून एकाच पाईपनं बांधलेला. टब अजून चॅसीवरच आहे, काका, तुमचं ऐकलं. उजवी बाजू कापून टाक्यांवर उभी केली. कर्णात कापायच्या आधी दोन मिलीमीटरचा फरक होता, आताही दोनच आहे. नुसता अंदाज घ्यायला परवा टब एकदा रहाटावर चढवून बघितला. आधी मीही मधोमधच आस धरला होता, तेव्हा दोघांना आवरेना. टब तेरा सेंटीमीटर वर सरकवल्यावर माझ्या बहिणीनं एका हातानं उलटा केला. बाबा दारात उभे होते, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःहून विचारलं की मिग मशीनचं भाडं किती.

फोटो आणि व्हीएबद्दल त्यांना सांगितलंय. रंगासाठी परभणीच्या आरटीओत पुढच्या सोमवारी जातोय.

एक राहिलं. पट्ट्यांमधलं लाकूड परत घालायचं की पट्टी पोकळ ठेवायची? घालायचं तर कुठलं?

रहाटवाला

सेलूकर, दोन मिलीमीटर म्हणजे बढिया. त्या जीपा युद्धाच्या घाईत बनल्या, कारखान्यातूनच तेवढा फरक घेऊन आल्या असतील. त्याला हात लावू नका.

लाकूड घालाच. बोल्ट आवळताना पट्टी दबू नये म्हणून ते आहे. पोकळ ठेवली तर बोल्ट आवळला की पट्टी बसते, मग बोल्ट ढिला होतो आणि टब खडखडतो. मी सागवान घालतो, तेही नवीन नाही, पाडलेल्या वाड्याच्या जुन्या तुळईचं. ते आता वळत नाही. बाभूळ घट्ट असते, गाडीच्या कामाला चांगली, पण ओली मिळाली तर वाळताना चिरते. पट्टीच्या आतल्या मापापेक्षा दोन मिलीमीटर बारीक कापा. बोल्टची भोकं आधीच पाडून घ्या, नाहीतर नंतर ड्रिल पत्र्यातून जातं आणि प्रायमर उडतो. मग जवसाच्या कोमट तेलात आठ दिवस बुडवून ठेवा आणि सावलीत पंधरा दिवस सुकवा. तेलाच्या चिंध्या शेडमध्ये गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात, पाण्यात भिजवून बाहेर पसरा.

पट्टीच्या आतून प्रायमर दोन हात मारा, वाळू द्या, मग लाकूड सरकवा. वेल्डिंग सगळं झाल्यावरच, आधी नाही. आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना पाणी निघायला वाट ठेवा. ती बंद केली होती म्हणूनच तुमच्या लाकडाची तपकीर झाली असणार. टब उलटा करून टोकं बघा, जुन्या डांबराचा थर दिसेल.